पूर्ण डिस्कची इमेज क्लाउडवर: परत उभं करण्याच्या दिवसापासून उलटा आराखडा

फोटो गूगलवर आहेत, कागदपत्रं वनड्राइव्हवर आहेत, मग अख्ख्या डिस्कची इमेज कशाला घ्यायची? असं म्हणणाऱ्याने एकदा कागद घेऊन यादी करावी. टॅली आणि तिचा परवाना, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर (उपकरण विंडोजला ओळखवून देणारं सॉफ्टवेअर), श्री-लिपीचे जुने फॉण्ट, प्रिंटर आणि स्कॅनरच्या सेटिंग, आउटलुकमधली दहा वर्षांची मेल, ब्राउझरमधले पासवर्ड, कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरची की जिचा डबा केव्हाच रद्दीत गेला. नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाकायला अर्धा तास पुरतो. पण ही यादी पूर्ववत बसवायला आठवडाही जातो, आणि त्यातल्या दोन-तीन गोष्टी कधीच परत बसत नाहीत.

इमेज म्हणजे डिस्कवरचं सगळं, तिच्या मांडणीसकट: विंडोजचा सी ड्राइव्ह, बूट होण्यासाठी, म्हणजे लॅपटॉप चालू होण्यासाठी, लागणारं छोटं ईएफआय पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग), रिकव्हरी पार्टिशन आणि ही सगळी कुठे सुरू होतात, कुठे संपतात त्याचा तक्ता. नवी डिस्क बसवून तिच्यावर ही इमेज उतरवली की लॅपटॉप कालच्याच अवस्थेत सुरू होतो. डेस्कटॉपवरचे आयकॉनसुद्धा जागेवर असतात.

इमेज घरातल्या एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवणं पुरेसं का नाही, हे कोकणात वेगळं सांगायला नको. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा ज्या कपाटात कॉम्प्युटर होता त्याच कपाटात बॅकअपची डिस्क असेल तर दोन्ही एकाच पाण्यात गेले. चोरी, आग आणि रॅन्समवेअरचंही (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसचंही) तेच: जोडलेली डिस्क व्हायरस लॅपटॉपसोबतच कुलूपबंद करून टाकतो. म्हणून एक प्रत घराबाहेर हवी, आणि आज ती ठेवण्याची सगळ्यात सोयीची जागा क्लाउड आहे.

आता मुद्द्याचं. या विषयावरची बहुतेक माहिती इमेज ‘वर’ कशी चढवायची तिथे संपते. माझ्या मते आराखडा उलट्या बाजूने करायला हवा. लॅपटॉप बंद पडला आहे, हातात नवी कोरी एसएसडी आहे, इमेज क्लाउडवर आहे. त्या क्षणी तुमच्याकडे काय काय असायला लागेल?

एक, दुसरा चालू कॉम्प्युटर, कारण मेलेल्या लॅपटॉपवरून डाउनलोड होणार नाही. शेजाऱ्याचा किंवा भावाचा चालेल. दोन, इमेज उतरवून घ्यायला पुरेशी मोकळी एक्स्टर्नल डिस्क. तीन, लॅपटॉप ज्यावरून बूट होईल असा रिकव्हरी पेनड्राइव्ह. चार, क्लाउड खात्यात शिरण्याची सोय, म्हणजे पासवर्ड आणि दुसऱ्या टप्प्याचा कोड, दोन्ही. पाच, इमेजला लावलेल्या कुलपाचा पासवर्ड. यातली एक गोष्ट जरी फक्त त्या मेलेल्या लॅपटॉपमध्येच असेल तर क्लाउडवरची इमेज ही निव्वळ भाडं भरून ठेवलेली अडगळ आहे. पासवर्ड मॅनेजर लॅपटॉपवर, त्याची चावी लॅपटॉपवर, आणि इमेज उघडायचा पासवर्ड त्या मॅनेजरमध्ये, ही साखळी फार घरांत असते.

पुढची प्रत्येक पायरी या पाच गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून ठरवली आहे. उदाहरण म्हणून विंडोज ११ चा ५१२ जीबीची एसएसडी असलेला लॅपटॉप धरू, ज्यात १८० जीबी भरलेले आहेत.

कोणतं साधन?

विंडोजमध्ये स्वतःचं एक साधन आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)’ या नावाखाली ‘क्रिएट अ सिस्टिम इमेज’ अजूनही दिसतं आणि चालतंही. पण मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्येच त्याच्यावरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी इतर कंपन्यांची साधनं वापरा असं सांगितलं. त्यात इमेजला पासवर्डचं कुलूप लावता येत नाही, आणि रिस्टोअर करताना ‘विंडोजइमेजबॅकअप’ हे फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर त्याच नावाने नसेल तर त्याला ते सापडतच नाही. मी ते वापरत नाही.

मॅक्रियम रिफ्लेक्टची फुकट आवृत्ती वर्षानुवर्षं सगळ्यांची आवडती होती, पण तिचा आधार १ जानेवारी २०२४ ला संपला. पैसे भरायची तयारी असेल तर सशुल्क मॅक्रियम उत्तमच आहे.

क्लोनझिला आणि त्याचं माउसने चालणारं भावंड रेस्क्यूझिला ही दोन्ही मुक्त आणि फुकट आहेत. पेनड्राइव्हवरून बूट करायचं, विंडोज झोपलेलं असताना इमेज घ्यायची. जुन्या लॅपटॉपसाठी, लिनक्ससाठी मी डोळे झाकून रेस्क्यूझिला सुचवेन. पण नव्या लॅपटॉपवर एक अडचण आहे: बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचं सगळं कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती कोरी बसवून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक लॅपटॉपवर डिस्कचं एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं, विचारतसुद्धा नाही. बाहेरून बूट झालेल्या रेस्क्यूझिलाला मग आत काय भरलंय आणि काय रिकामं ते कळत नाही. त्याला ५१२ जीबीतला प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) जसाच्या तसा उचलावा लागतो. एन्क्रिप्ट केलेला डेटा दाबून लहानही होत नाही. म्हणजे १८० जीबीच्या मालासाठी ५१२ जीबीचा अपलोड.

चालू विंडोजच्या आतून इमेज घेणारं साधन हा त्रास टाळतं. विंडोजमधली व्हॉल्यूम शॅडो कॉपी ही सेवा डिस्कचा त्या क्षणाचा गोठलेला देखावा देते, साधन त्यातून फक्त भरलेला भाग वाचतं, आणि बिटलॉकर उघडलेलं असल्यामुळे डेटा साध्या रूपात मिळतो. या लेखात मी वीम एजंट फॉर मायक्रोसॉफ्ट विंडोजची फुकट आवृत्ती घेतली आहे. डाउनलोडला ईमेल द्यावा लागतो, मग जाहिरातीची पत्रं येतात, ती सोसा. निवडीचं कारण असं की इमेज, कुलूप आणि रिकव्हरी पेनड्राइव्ह हे तिन्ही ते एकट्याने करतं. संकटाच्या दिवशी जितकी कमी साधनं आठवावी लागतील तितकं बरं.

इमेज घेण्याआधी झाडलोट

क्लाउडवर जाणारा प्रत्येक जीबी तुमच्या अपलोडच्या वेगाने जाणार आहे, म्हणून आधी वजन उतरवा. सेटिंगमधल्या सिस्टिम, स्टोरेज या पानावर ‘टेम्पररी फाइल्स’ उघडा. मोठ्या अपडेटनंतर उरलेलं जुनं विंडोज तिथेच २०-२५ जीबी अडवून बसलेलं असू शकतं. डाउनलोड फोल्डर, स्टीमचे गेम आणि व्हिडिओचा कच्चा माल दुसरीकडे हलवा. वनड्राइव्हमधल्या फायली आधीच क्लाउडवर आहेत, त्यांच्यावर राइट-क्लिक करून ‘फ्री अप स्पेस’ केलं की त्या डिस्कवरून उतरतात. पेजफाइल आणि हायबरनेशनची फाइल यांची काळजी नको, त्या वीम स्वतःच वगळतं.

मग सी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टूल्स’ टॅबवरून एरर चेकिंग चालवा. बिघडलेल्या फाइल सिस्टिमची इमेजही बिघडलेलीच निघते.

बिटलॉकर चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आत्ताच कागदावर उतरवा. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावर, डिव्हायसेसच्या यादीत ती सापडते. पेनड्राइव्हवरून बूट करण्यासाठी बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) काही बदललंत की पुढच्या वेळी विंडोज ती मागू शकतं, आणि ती मागणारा निळा पडदा रात्री अकरालाच येतो.

पायरी १: आधी पेनड्राइव्ह, मग इमेज

लोक हे उलट्या क्रमाने करतात आणि पेनड्राइव्ह राहूनच जातो. वीम बसवल्यावर स्टार्ट मेन्यूत ‘क्रिएट रिकव्हरी मीडिया’ दिसेल. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा (त्यावरचं सगळं पुसलं जाईल), ‘या कॉम्प्युटरचे ड्रायव्हर सामील करा’ आणि ‘नेटवर्क सेटिंग सामील करा’ या खुणा तशाच राहू द्या.

ड्रायव्हरची ती खूण वाटते त्याहून मोलाची आहे. इंटेलच्या ११ व्या पिढीपासूनच्या कित्येक लॅपटॉपमध्ये एसएसडी व्हीएमडी नावाच्या कंट्रोलरमागे असते. त्याचा ड्रायव्हर नसलेल्या पेनड्राइव्हवरून बूट केलं की पडद्यावर सगळं येतं, फक्त डिस्क दिसत नाही. लोक मग डिस्कच मेली असं समजून ती बदलायला निघतात.

हीच गोष्ट आयएसओ फाइलच्या (अख्खा पेनड्राइव्ह एकाच फाइलमध्ये) रूपातही बनवून ठेवा. ती पुढे इमेजसोबत क्लाउडवर जाईल, म्हणजे पेनड्राइव्ह हरवला तरी शेजाऱ्याच्या कॉम्प्युटरवर रूफससारख्या साधनाने नवा बनवता येईल.

आता पेनड्राइव्हवरून खरंच बूट करून पाहा. डेलला एफ१२, लेनोव्होला एफ१२ किंवा बाजूचं बारीक भोक, एचपीला एफ९. आत गेल्यावर तीन गोष्टी दिसतात का बघा: आतली एसएसडी, जोडलेली एक्स्टर्नल डिस्क आणि वाय-फाय. दिसल्या की काहीही न बदलता बाहेर या.

पायरी २: इमेज

एक्स्टर्नल डिस्क एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. जुनी एफएटी३२ असेल तर ४ जीबीहून मोठी एकही फाइल तिच्यावर राहणार नाही. जागा किती हवी? आपल्या उदाहरणात १८० जीबीच्या मालाची दाबलेली इमेज १३० जीबीच्या आसपास बसेल असं धरू. पुढे तिचे तुकडे करायचे आहेत, म्हणजे तेवढीच जागा आणखी. १ टीबीची डिस्क आरामात पुरते.

वीम एजंट उघडून नवा जॉब घ्या.

१. बॅकअप मोडमध्ये ‘एंटायर कॉम्प्युटर’. जोडलेल्या यूएसबी डिस्क सामील करण्याची खूण काढलेलीच ठेवा.

२. डेस्टिनेशनमध्ये ‘लोकल स्टोरेज’ आणि तुमची एक्स्टर्नल डिस्क.

३. त्याच पानावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ बटण, त्यात ‘स्टोरेज’ टॅब. इथे ‘एनेबल बॅकअप फाइल एन्क्रिप्शन’ची खूण करा आणि पासवर्ड द्या. सूचक शब्दाच्या चौकटीत पासवर्डच लिहून ठेवू नका. हसू नका, लोक लिहितात.

४. शेड्यूल तुमच्या सवयीप्रमाणे. डिस्क जोडली की बॅकअप सुरू होईल आणि संपला की डिस्क आपोआप बाहेर काढली जाईल असंही ठेवता येतं. रॅन्समवेअरच्या दृष्टीने तेच चांगलं.

पासवर्डबद्दल दोन शब्द जास्त. क्लाउडवर कुणीतरी डल्ला मारला तर तुमच्या अख्ख्या आयुष्याची प्रत त्याच्या हातात जाते, आधार-पॅनच्या स्कॅनपासून ब्राउझरमधल्या लॉगिनपर्यंत. म्हणून कुलूप तुमच्याच घरात लागलं पाहिजे, अपलोडच्या आधी. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन अक्षरांत एकामागोमाग लिहिले तर पासवर्ड लांब होतो आणि लक्षातही राहतो. रिकव्हरी पेनड्राइव्हवरचा कीबोर्ड इंग्रजीच असणार, म्हणून देवनागरीत पासवर्ड ठेवायचा मोह टाळा. हा पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कुणीही नाही.

पहिला बॅकअप झाला की डिस्कवर एक मोठी फाइल दिसेल, व्हीबीके या शेपटाची. नंतरच्या फेऱ्यांत फक्त बदललेला भाग छोट्या व्हीआयबी फायलींत जातो. आणि ठरावीक दिवस उलटले की सगळ्यात जुनी व्हीआयबी त्या मोठ्या व्हीबीकेमध्ये मुरवली जाते. म्हणजे मोठी फाइल आतून सतत बदलत राहते. ती थेट क्लाउडशी सिंक केली (प्रत्येक बदल आपोआप वर जाईल अशी जोडली) तर दर फेरीला १३० जीबी पुन्हा वर चढायला लागतील.

त्यावर उपाय सोपा आहे. रोजची साखळी घरच्या डिस्कवर चालू द्या. क्लाउडसाठी दर तीन महिन्यांनी ‘स्टँडअलोन फुल बॅकअप’ घ्या. तो स्वतंत्र फोल्डरात एकसंध पडतो, साखळीशी त्याचा संबंध नसतो आणि नंतर त्याला कुणी हात लावत नाही. मधल्या काळातली नवी कागदपत्रं तुमच्या नेहमीच्या गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर आहेतच. इमेज बसवलेली सॉफ्टवेअर वाचवायला, सिंक रोजच्या फायली वाचवायला. एकाच साधनाकडून दोन्ही करून घ्यायच्या हट्टामुळेच बहुतेकांचा अपलोड कधी पूर्ण होत नाही.

पायरी ३: उघडून बघणं

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चालू डेटाबेसचं फोल्डर पुसलं गेलं. त्यांच्याकडे बॅकअपच्या पाच पद्धती होत्या आणि त्यातली एकही धड चाललेली नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती होती म्हणून निभावलं. कंपनीने हे सगळं स्वतःच जाहीरपणे लिहिलं, हा त्यांचा मोठेपणा.

आपण निदान एवढं करू. वीमच्या मेन्यूतून फायली परत मिळवण्याचा पर्याय उघडा, स्टँडअलोन बॅकअप निवडा, पासवर्ड द्या आणि आतून तीन-चार फायली बाहेर काढा: एक मोठा व्हिडिओ, एक एक्सेल, युजर फोल्डरातली एखादी आडबाजूची फाइल. त्या उघडतात का बघा. जुनी छोटी एसएसडी पडून असेल तर पूर्ण इमेज तिच्यावर उतरवून लॅपटॉप त्यावरून चालवून बघणं ही खरी परीक्षा, पण माल तिच्यात मावायला हवा.

पायरी ४: तुकडे आणि ठसे

१३० जीबीची एकच फाइल वर चढवत असताना ९७ टक्क्यांवर वीज गेली तर काय होईल हे साधनावर अवलंबून असतं, आणि साधनावर मी भरवसा ठेवत नाही. तुकडे केले की फार तर एक तुकडा पुन्हा चढवावा लागतो. वनड्राइव्हवर तर एक फाइल २५० जीबीपेक्षा मोठी चालतही नाही.

सेव्हन-झिप हे फुकट साधन बसवा. त्याचा फाइल मॅनेजर उघडून व्हीबीके फाइल निवडा, ‘फाइल’ मेन्यूत ‘स्प्लिट फाइल’ घ्या आणि आकाराच्या चौकटीत ४००० एम टाका, तो एम मात्र इंग्रजीत. ३३ च्या आसपास तुकडे तयार होतील, शेवटी ००१, ००२ असे आकडे असलेले. परत जोडताना पहिल्या तुकड्यावर ‘कम्बाइन फाइल्स’. पुन्हा दाबायची किंवा कुलूप लावायची गरज नाही, ते दोन्ही वीमने केलेलं आहे. एन्क्रिप्ट केलेली फाइल झिप केली तर वेळ जातो आणि आकार तसाच राहतो.

मग सगळे तुकडे निवडून राइट-क्लिक, सेव्हन-झिपच्या सीआरसी-एसएचए उपमेन्यूतून एसएचए-२५६ ची फाइल बनवा. प्रत्येक तुकड्याचा हा ठसा. उद्या डाउनलोड केलेला तुकडा एका बिटानेही वेगळा असेल तर ठसा जुळणार नाही. ठशांची फाइल तुकड्यांसोबत वर जाईल.

पायरी ५: कुठे ठेवायचं

घरात गूगलचा २ टीबीचा प्लॅन आधीच असेल तर वेगळा खर्च करू नका. फक्त दोन सापळे ओळखा. गूगल ड्राइव्हचं डेस्कटॉप अ‍ॅप ‘स्ट्रीम’ पद्धतीवर असेल आणि तुम्ही १३० जीबी त्याच्या जी ड्राइव्हमध्ये ओढलेत, तर अपलोड होईपर्यंत तो माल सी ड्राइव्हवरच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) साठतो आणि सी भरून लॅपटॉप गुदमरतो. त्याऐवजी अ‍ॅपच्या सेटिंगमधून एक्स्टर्नल डिस्कवरचं फोल्डर जोडलंत तर दुसरा सापळा: ते सिंक आहे. जागा हवी म्हणून डिस्कवरचे तुकडे पुसलेत की क्लाउडवरचेही कचरापेटीत जातात आणि ३० दिवसांनी कायमचे संपतात. पुसण्याआधी फोल्डरचं सिंक तोडा आणि ब्राउझरमधून तुकडे मोजा. गूगलची दिवसाला ७५० जीबी अपलोडची मर्यादा आहे, पण घरच्या कनेक्शनवर तिथपर्यंत कुणी पोचत नाही.

नव्याने घ्यायचं असेल तर माझा कौल बॅकब्लेझ बी२ ला. जेवढं ठेवाल तेवढ्याचेच पैसे. ऑक्टोबर २०२३ मध्ये दर टीबीमागे महिना ६ डॉलर झाला, त्या दराने १३० जीबीला एक डॉलरही होत नाही. आणि साठवलेल्याच्या तिप्पट डेटा महिन्याला फुकट उतरवता येतो, म्हणजे संकटाच्या दिवशी वेगळं बिल नाही. वसाबीसुद्धा चांगली, पण तिथे किमान १ टीबीचे पैसे लागतात आणि ९० दिवसांच्या आत पुसलं तरी ९० दिवसांचंच भाडं पडतं.

अ‍ॅमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह ऐकायला स्वस्ताई वाटतं: अमेरिकेतल्या केंद्रांत टीबीला महिना एक डॉलरच्या आसपास. पण फाइल मागितल्यावर ती उतरवण्याजोगी व्हायला १२ तास, स्वस्त पर्याय घेतला तर ४८ तासांपर्यंत. वर किमान १८० दिवसांचं भाडं, आणि महिन्याला पहिले १०० जीबी सोडून बाहेर नेण्याचे दर जीबीला ९ सेंटपासून पुढे. तिसरी, कधीच न लागणारी प्रत ठेवायला ठीक. एकुलती एक प्रत तिथे ठेवू नये.

पैसे भरण्याबद्दल एक खास आपल्याकडची अडचण. रिझर्व्ह बँकेचे आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाल्यावर परदेशी सेवांची दरमहा कार्डवरची वसुली अनेकांची अडते. बिल फसलं, सूचनेची मेल स्पॅममध्ये गेली, की खातं बंद आणि काही काळाने डेटा साफ. वार्षिक आगाऊ भरण्याचा पर्याय असेल तर तो घ्या, नाहीतर दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बिल भरलं गेलं का ते बघण्याचं स्मरण फोनमध्ये लावा.

पायरी ६: चढवणं

किती वेळ लागेल ते आधी काढा. जीबीला २.२ ने गुणा आणि अपलोडच्या एमबीपीएसने भागा, उत्तर तासांत येतं. १३० जीबी, ४० एमबीपीएस: सुमारे सात तास. १० एमबीपीएस: २९ तास. १०० असेल तर तीन. त्यावर पाव भाग जास्त धरा. डाउनलोडचा आकडा इथे कामाचा नाही, स्पीड टेस्टमधला अपलोडचा बघा, तोही रात्री. केबलवाल्याच्या काही प्लॅनमध्ये अपलोड डाउनलोडच्या दहाव्या हिश्श्याएवढाही नसतो. फायबरच्या ‘अनलिमिटेड’ प्लॅनलाही महिन्याची मर्यादा असते, आणि वर गेलेला डेटा तिच्यात मोजला जातो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर हे काम करू नका.

बी२ साठी: खातं उघडून दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा, ‘प्रायव्हेट’ बकेट (बी२ मधला फायली ठेवायचा कप्पा) बनवा. बकेट बनवताना ‘ऑब्जेक्ट लॉक’ विचारलं जातं. ते चालू करून ९० दिवसांची मुदत घातली तर त्या काळात तुमचा पासवर्ड चोरलेला माणूससुद्धा फायली पुसू शकत नाही. अर्थात तुम्हीही नाही, आणि भाडं चालू राहतं. मग अपलोडच्या साधनाला आत शिरता यावं म्हणून फक्त त्या बकेटपुरती ‘अ‍ॅप्लिकेशन की’ काढा. ती एकदाच दिसते, लगेच उतरवून घ्या.

ब्राउझरमधून चढवू नका, बी२ च्या संकेतस्थळावर एका फाइलला ५०० एमबीची मर्यादा आहे. सायबरडक हे फुकट साधन घ्या, नव्या कनेक्शनमध्ये बॅकब्लेझ बी२ निवडा, की आयडी आणि की भरा. बकेटमध्ये तारखेचं फोल्डर करा, उदाहरणार्थ वर्ष-महिना-लॅपटॉपचं नाव, आणि त्यात तुकडे, ठशांची फाइल आणि रिकव्हरी आयएसओ ओढा.

सुरू करण्याआधी: चार्जर लावलेला, स्लीप ‘नेव्हर’वर, विंडोज अपडेट आठवडाभर थांबवलेलं. राउटरला छोटा यूपीएस असेल तर उत्तम, दोन मिनिटांची बत्ती गुल झाल्याने रात्रभराचं काम खोळंबत नाही. दिवसा घरात कुणाची ऑनलाइन मीटिंग असेल तर सायबरडकच्या ट्रान्सफर खिडकीत वेगाला लगाम घालता येतो, नाहीतर ओरडा तुम्हालाच बसेल.

चढवून झाल्यावर तुकड्यांची संख्या आणि प्रत्येकाचा आकार जुळवा. मग पहिला, शेवटचा आणि मधले कुठलेही दोन तुकडे दुसऱ्या फोल्डरात उतरवून त्यांचा एसएचए-२५६ काढा आणि मूळ ठशाशी ताडून बघा. हे दुसऱ्या कॉम्प्युटरवर, कागदावरचा पासवर्ड वापरून केलंत तर खात्यात शिरण्याचीही परीक्षा होते.

पायरी ७: कागद

एका कोऱ्या कागदावर हाताने: क्लाउड सेवेचं नाव आणि लॉगिन, दोन टप्प्यांच्या पडताळणीचे राखीव कोड, बिटलॉकरची की, वीमच्या आवृत्तीचा आकडा, आणि पाच ओळींत कृती: दुसऱ्या कॉम्प्युटरवर तुकडे उतरवा, ठसे जुळवा, सेव्हन-झिपने जोडा, पेनड्राइव्हवरून बूट करा, ‘बेअर मेटल रिकव्हरी’ (कोऱ्या डिस्कवर सगळं उतरवणं) निवडून एक्स्टर्नल डिस्कवरची व्हीबीके दाखवा. इमेजचा पासवर्ड या कागदावर नको, तो वेगळ्या पाकिटात, वेगळ्या घरात. आईवडिलांच्या किंवा बहिणीच्या कपाटात ठेवलेलं पाकीट चालतं. ओटीपी ज्या सिमवर येतो तो फोन लॅपटॉपच्याच बॅगेत चोरीला जाऊ शकतो, म्हणून ते राखीव कोड.

परत उतरवताना नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठी घ्या, लहान डिस्कवर पार्टिशनं हाताने आटवत बसावं लागतं. मदरबोर्ड तोच असेल तर विंडोजचा परवाना आपोआप जुळतो. बिटलॉकर मात्र बंद अवस्थेत येईल, कारण इमेज उघड्या डिस्कची होती. ते पुन्हा चालू करा आणि नवी की कागदावर घ्या.

वीमची आवृत्ती बदलली की पेनड्राइव्ह आणि आयएसओ नव्याने बनवा, जुना पेनड्राइव्ह नव्या आवृत्तीची इमेज वाचायला नकार देऊ शकतो. दर तीन महिन्यांनी नवी स्टँडअलोन इमेज चढवा. ती पूर्ण चढून तिचे ठसे जुळल्याशिवाय क्लाउडवरची जुनी काढू नका. दोन इमेज कायम ठेवा, कारण लॅपटॉपमध्ये शिरलेली एखादी कीड ताज्या इमेजमध्येही आलेली असू शकते आणि तेव्हा त्याआधीची स्वच्छ प्रत लागते. तिसरी आली की सगळ्यात जुनी पुसा.